परीक्षा द्यायची की घ्यायची?

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत हे बरोबर उलटे आहे. तिथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, म्हणजे घेतो, आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात, म्हणजे देतात. तमिळमध्ये विद्यार्थी परीक्षा लिहितो. स्पेनमध्ये तो परीक्षा ‘करतो’ आणि मेक्सिकोत, भाषा तीच स्पॅनिश असूनही, परीक्षा ‘सादर करतो’. पेपर तोच, घड्याळ तेच, घामही सगळ्यांना सारखाच फुटतो. पण त्या परीक्षेचे नेमके काय करायचे, यावर भाषांचे एकमत नाही.

नाम आणि क्रियापद यांच्या अशा ठरलेल्या जोड्यांना इंग्रजीच्या अभ्यासात ‘कोलोकेशन’ म्हणतात. व्याकरणाच्या नियमांत त्या बसत नाहीत आणि शब्दार्थ पाठ करूनही त्या येत नाहीत. ‘डिसिजन’ म्हणजे निर्णय आणि ‘टेक’ म्हणजे घेणे हे माहीत असलेल्या मुलालाही पुस्तकात ‘मेक अ डिसिजन’ का छापले आहे ते कळत नाही. आपल्यातल्या पुष्कळ कॅडेट्सचे इंग्रजी इथेच अडते, म्हणून हा लेख.

माझे घर तमिळनाडूत कुंभकोणमला आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापले, ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात कावेरीकाठी गेलेली मराठी कुटुंबे आजही तिथे आहेत. त्यांतलेच एक आमचे. घरात मराठी, दारात तमिळ, शाळेत इंग्रजी, आणि इथे होस्टेलमध्ये हिंदी. त्यामुळे एकाच गोष्टीसाठी तीन-चार क्रियापदे कानावर पडतात. आपल्या वाचनालयात स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले इंग्रजीचे एक जुने पुस्तकही आहे. ते चाळताना एक मजेची गोष्ट कळली. माद्रिदच्या मुलाचे इंग्रजी जिथे अडखळते, तिथेच साताऱ्याच्या आणि कुंभकोणमच्या मुलाचेही अडखळते.

ओझे नामाचे, हमाली क्रियापदाची

‘निर्णय घेणे’ या दोन शब्दांत अर्थ कुठे आहे? ‘निर्णय’ या शब्दात. ‘घेणे’ म्हणताना आपण हाताने काहीच उचललेले नसते. पटत नसेल तर एक शब्द झाकून पाहा. नुसते ‘उद्या घेऊ’ म्हटले तर समोरचा विचारेल, ‘काय घेऊ?’ नुसते ‘निर्णय उद्या’ म्हटले तर त्याला सगळे समजते.

म्हणजे अशा जोडीत क्रियापद हमालाचे काम करते. सामान नामाचे असते. क्रियापद फक्त ते उचलून वाक्यात नेऊन ठेवते आणि काळ, पुरुष, वचन दाखवते: घेतला, घेतो, घेऊ. ट्रंकेत काय आहे हे हमालाला माहीत असण्याची गरज नसते. म्हणूनच प्रत्येक भाषेने त्याच ट्रंकेसाठी आपापला हमाल नेमला आहे. काही उदाहरणे पाहू.

फोटो: मराठीत आपण फोटो काढतो. इंग्रजीत तो घेतात (‘टेक’) आणि तमिळमध्येही घेतातच (‘एडु’). स्पॅनिशमध्ये मात्र ‘साकार उना फोतो’ म्हणतात, आणि ‘साकार’ म्हणजे बाहेर काढणे. इथे मराठी आणि स्पॅनिश एका बाजूला.

निर्णय: मराठीत घेतात, तमिळमध्ये घेतात (‘मुडिवु एडु’), स्पॅनिशमध्येही घेतात (‘तोमार’). इंग्रजीत बनवतात (‘मेक’). ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक अ डिसिजन’ चालते, पण ‘मेक’ सगळीकडे चालते.

लक्ष: मराठीत देतात. स्पॅनिशमध्ये उसने देतात (‘प्रेस्तार’). इंग्रजीत ते पैशासारखे मोजून देतात (‘पे अटेन्शन’). तमिळमध्ये ‘कवनम सेलुत्तु’ म्हणतात, आणि कर भरण्यालाही तमिळमध्ये ‘सेलुत्तु’ हेच क्रियापद आहे.

फेरफटका: मराठीत मारतात, इंग्रजीत घेतात (‘टेक अ वॉक’), स्पॅनिशमध्ये देतात (‘दार उन पासेओ’).

प्रश्न: मराठीत विचारतात, इंग्रजीत ‘आस्क’ करतात. स्पॅनिशमध्ये प्रश्न ‘करतात’, म्हणून स्पॅनिश मुलगा इंग्रजीत ‘मेक अ क्वेश्चन’ म्हणून बसतो. इथे आपल्याला काहीच अडचण नाही. त्याची ठेच वेगळी, आपली वेगळी.

कॉफी: कुंभकोणमची डिग्री कॉफी प्रसिद्ध आहे. पितळी डबरा आणि पेल्यातून ती फेसाळून देतात. पाहुण्याला विचारताना तमिळमध्ये ‘काप्पि साप्पिडरींगळा?’ म्हणतात. ‘साप्पिडु’ म्हणजे खरे तर जेवणे, खाणे. मराठीत आपण ‘कॉफी घेणार?’ म्हणतो, इंग्रजीत ‘हॅव’. सगळे जण पितात एकच, पण कोणी खातो, कोणी घेतो, कोणाकडे ती नुसती असते.

आपणही काही कमी नाही

इंग्रजी विचित्र आहे असे म्हणण्याआधी आपली भाषा तपासून पाहावी. आपण मार खातो, शपथ खातो, हवा खातो, भाव खातो, आणि एखादा फार बडबड करू लागला की तो आपले डोके खातो. मेसमध्ये न जाताही इतके खाणे होते! आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, आग लागते आणि नोकरीही लागते. आपण थापा मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, शिट्टी मारतो, तासाला दांडी मारतो. यात कोणालाच काही लागत नाही.

आपल्या कंपनीत मराठी नव्याने शिकणारे कॅडेट्स आहेत. ‘नोकरी लागली’ म्हणजे चांगले झाले आणि ‘आग लागली’ म्हणजे वाईट झाले, हे त्यांनी कोणत्या नियमाने ओळखावे? नियम नाहीच. ऐकून ऐकूनच ते कळते. इंग्रजीच्या बाबतीत आपण त्यांच्याच जागी उभे आहोत.

‘मेक’ आणि ‘डू’चा घोळ

सर्वांत जास्त गुण जातात ते या दोन शब्दांवर. कारण सरळ आहे. मराठीत ‘करणे’ हे एकच क्रियापद आहे. तमिळमध्ये ‘सेय्’ आणि स्पॅनिशमध्ये ‘आसेर’ हीही तशीच, एकात दोन. इंग्रजीने मात्र या एका खोलीच्या मध्ये भिंत घातली आणि दोन खोल्या केल्या.

ढोबळ नियम असा सांगता येतो. काम संपल्यावर आधी नसलेले काही नवे तयार झाले, तर ‘मेक’. चूक, आवाज, बेत, यादी, वचन या सगळ्यांना ‘मेक’ लागते. नेमून दिलेले काम पार पाडायचे असेल तर ‘डू’. ड्रिल, ड्यूटी, होमवर्क, पुश-अप्स, भांडी घासणे या सगळ्यांना ‘डू’ लागते.

हा नियम दहातल्या सात वेळा तरी साथ देतो असा माझा अनुभव आहे. उरलेल्यांसाठी नावे लक्षात ठेवावी लागतात. नुकसान झाले की काहीतरी मागे उरते, तरी ‘डू डॅमेज’. उपकार केले की ‘डू अ फेव्हर’. प्रयत्न आणि प्रगती हातात धरता येत नाहीत, तरी दोन्हींना ‘मेक’. आणि सकाळच्या इन्स्पेक्शनआधी आपण जो पलंग आवरतो, तो नवा तयार होत नाही, तरी इंग्रजीत ‘मेक द बेड’ म्हणतात. इथे स्पॅनिश मुलाला आपल्यापेक्षा सोपे जाते, कारण त्याच्या भाषेतही पलंग ‘करतात’च.

परेड ग्राउंडवरच्या जोड्या

आपण ज्या वाटेने जाणार आहोत, तिथे या जोड्या केवळ शोभेच्या नाहीत.

‘रेझ’ हे क्रियापद पाहा. ‘रेझ अ बटालियन’ म्हणजे पलटण उभारणे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, १७६८ मध्ये उभारली गेली. इंग्रजी पुस्तकांत तिथे ‘रेझ्ड’ हाच शब्द असतो. आता ‘रेझ अ सीज’ वाचले तर काय वाटेल? वेढा उभारला, म्हणजे घातला? नाही. ‘रेझ अ सीज’ म्हणजे वेढा उठवणे. वेढा घालण्याला ‘ले सीज’ म्हणतात. क्रियापदाचा एकट्याचा अर्थ धरून चालले तर लढाईचा निकालच उलटा होतो. गंमत अशी की मराठी मुलाला ही जोडी जड जायला नको, कारण आपणही वेढा ‘उठवतो’च. किल्ल्यांच्या इतिहासात हा शब्द आपण लहानपणापासून वाचलेला आहे.

सलामीचे पाहा. आपण सलामी देतो आणि प्रमुख पाहुणे मानवंदना स्वीकारतात. इंग्रजीत पाहुणे ‘टेक द सल्यूट’. पहाऱ्याचे पाहा. मराठीत पहारा देतात. इंग्रजीत तो ‘कीप’ करतात किंवा ‘स्टँड गार्ड’ म्हणजे पहाऱ्याला उभे राहतात. मराठीत माघार घेतात. इंग्रजीत ‘बीट अ रिट्रीट’, म्हणजे माघार वाजवतात. कारण पूर्वी सैन्याला परत बोलावण्याचा इशारा ढोलावर देत असत. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीट समारंभाच्या नावात तोच ढोल आहे.

आणखी एक जोडी, ‘ब्रेक स्टेप’. पुलावरून जाताना पावलात पाऊल मिळवून चालायचे नाही, असा तिचा अर्थ. १८३१ मध्ये इंग्लंडमधला ब्रॉटनचा झुलता पूल सैनिक एका तालात चालत असताना कोसळला. तेव्हापासून तिथल्या सैन्यात पुलावर पाऊल तोडण्याची शिस्त आली. हा हुकूम ज्याला शब्दशः ‘पायरी मोडा’ असा ऐकू येईल, त्याच्या मागच्यांचे कठीण आहे.

परीक्षेचा हिशोबही सांगून ठेवतो. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० गुण असतात. त्यांतले २०० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. वाक्यातली चूक ओळखा आणि रिकामी जागा भरा अशा प्रश्नांत या जोड्या हमखास दडलेल्या असतात.

कुंभकोणमने पाहिलेले इंग्रजी

आमच्या गावाला इंग्रजीचा जुना संबंध आहे. राजा सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला एका तंजावरी मराठी घरात जन्मले. मद्रासला इंग्रजी शिकले आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. घरी मराठी, गावात तमिळ, त्रावणकोरात मल्याळम, बडोद्याला गुजराती आणि कागदोपत्री इंग्रजी. इतक्या भाषांचे हमाल त्यांनी आपापल्या जागी उभे केले.

त्याआधी तंजावरला दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) होऊन गेले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. इंग्रजी त्यांना उत्तम येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी देवनागरी छापखाना चालवला आणि इसापच्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणवून ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापल्या. तो अनुवाद करणाऱ्या पंडितासमोर हाच प्रश्न पानोपानी उभा राहिला असणार. कोल्हा इंग्रजीत ‘टेल’ करतो ते खोटे मराठीत सांगायचे की बोलायचे? आपण खोटे ‘बोलतो’. हे ठरवण्यासाठी त्याला दोन्ही भाषा ऐकून माहीत असाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट इतकी आनंदाची नाही. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये शिकले. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते तिथल्या सरकारी कॉलेजात गेले. गणितात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे ते केंब्रिजला गेले, रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हे सर्वांना माहीत आहे. मधली वर्षे मात्र हलाखीची होती. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे त्यांचे छोटे घर सुटीत पाहिले की मला नेहमी वाटते, की ज्या विषयात मन नाही त्याचीही किंमत मोजावी लागते. तेव्हा ती आधीच मोजून ठेवलेली बरी.

‘परीक्षा लिहिली’ हे चूक आहे का?

रविवारी घरी फोन केला की आजी विचारते, ‘परीक्षा लिहिलीस का?’ शेजारी उभ्या असलेल्या मुलांना हसू येते. परीक्षा काय लिहायची असते? देतात ना!

माझे म्हणणे असे की आजीचे चुकलेले नाही. ज्या गावात पिढ्यान्पिढ्या सगळे शेजारी परीक्षा ‘लिहितात’, तिथल्या मराठीनेही तो हमाल कामाला ठेवला. कोल्हापूरची मराठी कानडीच्या शेजारी राहिली, नागपूरची हिंदीच्या. त्यांच्याही जोड्या पुण्याहून वेगळ्या आहेत. जोडी बरोबर की चूक हे कोण कोणाशी बोलतो आहे यावर ठरते. आजी माझ्याशी बोलते तेव्हा ‘लिहिलीस’ हेच बरोबर. मराठीच्या उत्तरपत्रिकेत ‘दिली’ बरोबर. एनडीएच्या पेपरात ‘टेक’ बरोबर. इंग्लंडमध्ये तर ‘सिट अॅन एक्झाम’ म्हणतात, म्हणजे चक्क आपले परीक्षेला ‘बसणे’!

गणवेश जसा प्रसंग पाहून घालतो, तशीच जोडी माणूस पाहून वापरायची. परेडचा गणवेश घातला म्हणून घरचा सदरा चुकीचा ठरत नाही. आजीने मला ही भाषा दिली आहे. ती तीनशे वर्षे महाराष्ट्राबाहेर राहून टिकली. एका क्रियापदासाठी तिला हसणे मला पटत नाही.

जोड्या पाठ कशा कराव्यात

पुढची रीत मी दोन वर्षे वापरतो आहे.

१. वहीत एकटा शब्द लिहू नका. सैन्यात प्रत्येक जवानाला ‘बडी’ असतो. तसाच प्रत्येक नामाचा ‘बडी’ शोधून दोघांना एका ओळीत लिहा. ‘मिस्टेक’ नव्हे, ‘मेक अ मिस्टेक’.

२. शब्दकोशात क्रियापद नव्हे, नाम काढा. ‘टेक’खाली दोन-तीन पाने भरून अर्थ असतात, वाचून डोके फिरते. ‘डिसिजन’खाली त्याचा बडी उदाहरणातच सापडतो. आपल्या वाचनालयातला ऑक्सफर्डचा जाड कोश मुळात यासाठीच जन्मला. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये अशा जोड्यांचा मोठा संग्रह केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो छापला. म्हणजे तो परकी मुलांच्या अडचणी पाहून केलेला आहे. ‘कोलोकेशन’ ही संज्ञा रूढ करणारे प्राध्यापक जे. आर. फर्थ यांनीही १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवले होते.

३. चार रकाने करा: घरची भाषा, मराठी, हिंदी, इंग्रजी. जिथे चारही जुळतात तिथे वेळ घालवू नका. ‘शपथ घेणे’ आणि ‘टेक अॅन ओथ’ जुळतात, पुढे चला. जिथे इंग्रजी एकटी पडते तिथे लाल खूण करा. अभ्यास फक्त लाल खुणांचा करायचा.

४. रोज पाचच जोड्या, पण मोठ्याने आणि पूर्ण वाक्यात. हात जसा सराव करून सल्यूटला आपोआप वर जातो, तशी जीभ ‘पे’ म्हणताच ‘अटेन्शन’कडे गेली पाहिजे.

आता तुमची पाळी

पुढील नामांना इंग्रजीत कोणते क्रियापद लागेल? उत्तरे झाकून लिहा.

१. ड्यूटी  २. प्रॉमिस  ३. वॉच (पहारा)  ४. फायर (गोळीबार सुरू)  ५. प्रोग्रेस  ६. सीज (वेढा घालणे)

उत्तरे: १. डू  २. मेक  ३. कीप  ४. ओपन  ५. मेक  ६. ले

सहाच्या सहा बरोबर आली असतील, तर आपल्या बॅरकमधल्या ज्याची तीन आली असतील त्याला शिकवा. शिकवताना आपल्याही जोड्या पक्क्या होतात.

— कॅडेट, इयत्ता दहावी